मागच्या जन्माचं पाप की या जन्माची व्यवस्था?



आमच्या सिहोरा भागात रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत वाकून काम करणाऱ्या बाया घरी परतताना सहज बोलून जातात, "मागच्या जन्मी काय पाप केलं होतं कोणास ठाऊक!" यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांचा फोटो असतो. म्हणूनच हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. ते आले कुठून?

छांदोग्य उपनिषदाचा पाचवा अध्याय सांगतो, की चांगल्या आचरणाचे लोक ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनीत जन्मतात आणि वाईट आचरणाचे कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ योनीत. म्हणजे अन्याय करणारा कुठे दिसतच नाही, भोगणाराच आरोपी! ही पकड किती घट्ट होती? चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या नावावरील अभंगातही आपली जात ही पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ मानली आहे. ज्याला देवळाबाहेर उभे केले, मंगळवेढ्यात वेठीच्या कामावर असताना ज्याचा भिंतीखाली मृत्यू झाला, त्यानेच दोष स्वतःकडे घ्यायचा. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. संतांचा सन्मान त्यांनी केला, पण त्यांना बांधणारा सिद्धांत मात्र नाकारला.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आपल्याच भंडाऱ्यातून लोकसभेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्म स्वीकारला. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी कर्मावर स्वतंत्र विवेचन केले. त्यांचा मुद्दा सरळ आहे. ब्राह्मणी कर्म आत्म्यावर उभे आहे. बुद्धांनी आत्माच नाकारला, मग पूर्वजन्मीचे पाप वाहून आणणार कोण? गरिबांच्या दुःखाची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, यापलीकडे या सिद्धांताचा उपयोग नाही. महाकारुणिक बुद्ध असा सिद्धांत सांगूच शकत नाहीत, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते.

काही जण विचारतील, जातककथांत तर पुनर्जन्म आहेच, मग काय? बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळला नाही. जे बुद्धिसंगत आहे आणि मानवाच्या कल्याणाचे आहे तेच बुद्धवचन, ही कसोटी त्यांनी लावली. दुसरा आक्षेप असा, की कर्मफळाची भीती गेली तर नीती कशी टिकेल? उत्तर बुद्धांच्या कम्मात आहे. समाजातील नैतिक व्यवस्था देव चालवत नाही, माणसांची कृती चालवते. कुशल कर्म कराल तर व्यवस्था चांगली, अकुशल कराल तर वाईट. फळ याच जगात, आपल्या सगळ्यांना मिळते.

आता बांधीतल्या त्या बाईकडे पुन्हा पाहा. तिच्याकडे जमीन का नाही? आपल्या भागात गावे मालगुजारांच्या ताब्यात होती. मालगुजारी १९५१ साली संपली, पण कायद्याने मालगुजार गेला म्हणून मजुराच्या नावावर सातबारा आला नाही. याला पाप म्हणायचे असेल तर ते इतिहासाचे आहे, तिच्या मागच्या जन्माचे नाही.

इथेच करुणेचा प्रश्न येतो. कर्मसिद्धांत मानणारा फार तर दया करतो. वरून खाली हात देतो आणि पुण्य जमा करतो. करुणा दुःखाचे कारण शोधते आणि ते दूर करते. म्हणून धम्मात प्रज्ञेशिवाय करुणा नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. स्वतःची शेती कसणारे, मुलांना शिकवणारे हे कुटुंब होते. त्यांनी नशीब मान्य केले नाही, म्हणूनच ते जातीच्या डोळ्यात खुपले. अशा वेळी नुसती हळहळ म्हणजे करुणा नव्हे. रस्त्यावर उतरणे, साक्षीदारांच्या पाठीशी राहणे, खटला लावून धरणे ही करुणा आहे.

मित्रांनो, बावीस प्रतिज्ञा आपण दरवर्षी म्हणतो. या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन करताना कर्माचे प्रकरण आधी घ्या, आणि रोवणीवरून आलेल्या बायांना सोयीची होईल अशी वेळ ठेवा. आजीने "मागच्या जन्माचं पाप" म्हटले, तर तिला हसू नका. तिच्याशेजारी बसा आणि विचारा, "आजी, मजुरी किती ठरली होती आणि हातात किती पडली?" उत्तर याच जन्मात सापडेल.

जय भीम, नमो बुद्धाय!