शालेय ग्रंथालय आणि मोबाइल : साकोली
मोबाइल शालेय ग्रंथालयाच्या दाराबाहेर ठेवण्यापेक्षा कपाटातल्या पुस्तकांशी जोडणे हिताचे. परितेवाडीच्या (जि. सोलापूर) शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पण कोड स्कॅन करून तयार चित्रफीत पाहणे ही केवळ सुरुवात होय. शोधणे, पडताळणे आणि नोंदवणे हे ग्रंथालयाचे खरे काम. साकोलीसारख्या (जि. भंडारा) झाडीपट्टीतील गावी त्याची निकड अधिक, कारण झाडीबोलीतले शब्द, दंडार या लोकनाट्यातली गाणी, मामा तलावांच्या (माजी मालगुजारी तलाव) आठवणी अजून बव्हंशी माणसांच्या तोंडीच आहेत. धानाच्या रोवणीचे गाणे मुलीने फोनवर ध्वनिमुद्रित केले, गाणारणीची परवानगी घेऊन तिचे गाव व तारीख लिहिली आणि अवघड शब्द कोशात तपासला, की ती फीत दाखल नोंदवहीत चढवण्याजोगी होते.

मोबाइलने मन भरकटते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ठरलेली तासिका, ठरलेले काम आणि ग्रंथपालाची देखरेख हवी. प्रत्येक घरी फोन नसतो, हा आक्षेप त्याहून गंभीर. त्यावर उपाय म्हणजे ग्रंथालयाच्या मालकीचा, गटाने वापरायचा फोन. पुस्तक विकत न घेऊ शकणाऱ्यांसाठीच तर ग्रंथालये उभी राहिली.