बाटली क्रमांक ५३-एन

मागच्या वर्षी रात्री दोन वाजता आमचं एक रिलीज कोसळलं आणि सकाळच्या मीटिंगमध्ये खापर माझ्यावर फुटलं. लॉग कुणी नंतर उघडले. चूक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये निघाली. माझे अकरा दिवस गेले; हाफकिनची पाच वर्षं गेली होती.

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून तुम्हीही बसने गेला असाल. वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू जंतुशास्त्रज्ञ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्याच महिन्यात हाफकिन कलकत्त्याहून इथे आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो मांसाच्या रसात जंतू वाढवायचा. त्यावर तुपाचे थेंब सोडायचा (हो, आपलं साजूक तूप!). थेंबांना धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढायचे. ते हलवून पाडायचे, पुन्हा वाढवायचे, शेवटी उष्णता देऊन मारायचे. झाली लस. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. आपण टेस्टिंग म्हणतो ते हे!

मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतले, ५३-एन. चौकशीने बोट प्रयोगशाळेकडे दाखवलं: निर्जंतुक करायची पद्धत बदलून कार्बोलिक अॅसिड वगळलं होतं ना? हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं.

खरं तर लॉग समोरच होता. बूच काढताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो न उकळताच वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढले असते तर घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरला तसा वास आलाच नव्हता. एवढ्या साध्या तर्काकडे कुणी लक्ष देईना, याचा मला राग येतो. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्याच्यावरचा ठपका पुसला गेला.

तो भारतात परतला, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्याचं नाव दिलं गेलं, तेव्हा तो पासष्टीचा होता आणि युरोपात राहत होता.