कॅरीसाहेब आमगावला आले नव्हते

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास आजी सांगायला बसली की मिशनरी विल्यम कॅरीपासून सुरुवात व्हायची. कॅरीसाहेब घोड्यावरून आमगावच्या बाजूला आले, आंब्याखाली उतरले, लोकांशी मराठीत बोलले. मग काय झालं, असं विचारलं की ती म्हणे, "मंग काय? मंडळी झाली!"

कॅरी 1793 मध्ये बंगालात उतरले आणि 1834 मध्ये सेरामपुरात वारले. मधल्या काळात आमच्याकडे, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात, ते कधी फिरकले नाहीत. पण मराठी त्यांना येत होतं, हे आजीचं म्हणणं खरं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवत. 1805 मध्ये त्यांचं मराठी व्याकरण निघालं, 1810 मध्ये मोडी लिपीतला कोश. या कामात त्यांचा उजवा हात होते पंडित वैजनाथ, आणि मराठी वाङ्मयाचे अभ्यासक त्यांना नागपूरकडचे मानतात. सेरामपूरहून 1816 मध्ये निघालेली रघुजी भोसल्यांची वंशावळीही त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे साहेब आमच्याकडे आले नाहीत, आमच्याकडचा पंडित साहेबाकडे गेला. आजीला हे सांगितलं तेव्हा ती जराही खजील झाली नाही. "एकच झालं," म्हणाली.

दुसरी गोष्ट थोरल्या आबांची. ते रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे त्यांच्या इतिहासात सगळे थोर लोक गाडीनेच येत. रेव्हरंड टिळकांना बायबल मिळालं ते गोंदिया स्टेशनावर, असं ते छातीठोक सांगत. नारायण वामन टिळक 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं, त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ती बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी. भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, मग सालेकशाचं जंगल आणि डोंगरगड असा तिचा रस्ता. पुस्तक नेमकं कुठे हातात पडलं, हे आबांखेरीज कोणीच ठामपणे सांगितलेलं नाही. गाडी गोंदियावरून गेली एवढं पक्कं, आणि आबांना तेवढं पुरत होतं.

या दोन्ही गोष्टी मी लहानपणी इतक्यांदा ऐकल्या, की त्यांच्यामध्ये काय गाळलं जातंय हे कळायला वेळ लागला. कॅरी झाले, टिळक झाले, आणि मग एकदम "आपल्या आज्यानं घर बांधलं". हा आजा कुठून आला? त्याचं मूळ गाव, त्याचे आईबाप? "काहून पुसतोस गा?" म्हणून आजी सूप हातात घेई. तांदूळ पाखडून झालेले असले तरी.

त्या आज्याला, म्हणजे माझ्या पणजोबांना, गाव ठाऊकच नव्हतं. तो छप्पनच्या दुष्काळातला पोर. संवत 1956, म्हणजे 1899-1900. आमचा मुलूख धानाचा, तलावांचा. पण पावसाने दगा दिला की बोडी आधी आटते आणि रोप बांधीतच जळतं. 1896-97 चा दुष्काळ अंगावरून जातो न जातो तोच हा दुसरा आला. 1900 च्या उन्हाळ्यात मध्य प्रांतात वीस लाखांवर माणसं सरकारी मदतीवर जगत होती. खडी फोडायची, तलावाची माती वाहायची. लहान मुलांसाठी सरकारी स्वयंपाकघरं. ज्या मुलांना न्यायला कोणीच आलं नाही, त्यांतली पुष्कळ मिशनच्या अनाथाश्रमांत गेली. भंडाऱ्याला स्कॉटिश मिशन 1882 पासून होतंच. आज्याला पहिलं नाव तिथल्यासारख्याच एका आश्रमात मिळालं, आणि जन्मतारीख अंदाजाने.

हे घरात का बोललं जात नव्हतं, ते उघड आहे. गावात "भाताचे ख्रिस्ती" म्हणून चिडवणारे होते. भुकेने आलेल्या पूर्वजापेक्षा घोड्यावरून आलेला साहेब सांगायला बरा. मला मात्र आज्याचाच अभिमान वाटतो. पाचसहा वर्षांचं पोर जगलं, ही काय लहान गोष्ट आहे?

आणि या चिडवण्याचा विचार मिशनऱ्यांनी केलाच नव्हता असंही नाही. आम्ही बॅप्टिस्ट झालो ते आबांच्या गँगमधल्या एका तेलुगू कुटुंबामुळे. ते ओंगोलकडचे. तिथे 1876-78 च्या दुष्काळात जॉन क्लाऊ नावाच्या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा एक भाग अंगावर घेऊन हजारो लोकांना मजुरी दिली, पण बाप्तिस्मे थांबवले. धान्यासाठी कोणी येऊ नये म्हणून. दुष्काळ सरल्यावरही लोक येतच राहिले, आणि 3 जुलै 1878 या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. त्या कुटुंबातली म्हातारी हा आकडा मुलांकडून पाठ करून घेई. आमच्या मंडळीचा आकडा कधी शंभराच्या वर गेला नाही, त्यामुळे तो ऐकताना आम्हाला उगाच लाज वाटायची.

बॅप्टिस्टांत तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. कळत्या माणसाने स्वतः विश्वास कबूल करायचा आणि पाण्यात पूर्ण बुडायचं. कॅरींनी कृष्ण पाल सुताराला डिसेंबर 1800 मध्ये हुगळीत बुडवलं. आमच्याकडे नदी लांब, म्हणून मालगुजारी तलाव. मालगुजारी 1951 मध्ये गेली, तलाव सरकारकडे आला, गावाचा निस्तार हक्क राहिला. निस्तारात गुरं धुणं बसतं, आंघोळ बसते, धुणी बसतात. बाप्तिस्मा बसतो का, असा प्रश्न एकदा ग्रामसभेत निघाला होता. एका वयस्क पोवार शेतकऱ्याने तो निकालात काढला: म्हशी दिवसभर बसतात, हे लोक एकदा बुडून निघतात, तलावाचं काय जातं?

तरी मुहूर्त पाहावाच लागतो. उन्हाळ्यात चिखल, ऐन पावसाळ्यात काठ निसरडा, पुढे शिंगाड्याचे वेल पसरले की पाय अडकतात. कापणीचा सण उरकून, भोपळे-कोंबड्यांचा आणि धानाच्या कट्ट्यांचा लिलाव झाला की पाळक तारीख काढायला बसतात. ती आधी तलावात मासे धरणाऱ्या धीवर सोसायटीला विचारावी लागते. त्या दिवशी त्यांचं जाळं असलं, तर बाप्तिस्मा पुढच्या रविवारी.