कला शाखेतून परदेशी शिक्षण: राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती कधी मिळते आणि कधी मिळत नाही

इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषा, मानसशास्त्र अशा विषयांत बी.ए. करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना शिक्षणाचा काही काळ परदेशी विद्यापीठात घालवायचा असतो. खर्चाचा प्रश्न आला की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे (नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप) नाव पुढे येते. ही योजना शिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर लागू होते, हे आधी समजून घेतले तर चुकीच्या वेळी अर्ज करण्यात वर्ष वाया जात नाही.

थोडक्यात

• बी.ए. किंवा इतर कोणत्याही पदवी अभ्यासक्रमासाठी ही शिष्यवृत्ती मिळत नाही.
• पदवीनंतर परदेशात पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी करण्यासाठी ती मिळते.
• कला शाखेच्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो, मात्र काही विषय वगळलेले आहेत.

योजना कोणासाठी आहे?

सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाची ही योजना १९५४-५५ पासून सुरू आहे. वर्षाला १२५ जागा असतात. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी आहेत. एकूण जागांपैकी ३० टक्के मुलींसाठी राखीव आहेत. अनुसूचित जमातींसाठी जनजातीय कार्य मंत्रालयाची वेगळी योजना असून तिचा अर्जही वेगळा करावा लागतो.

पात्रता

• वय: निवड वर्षाच्या १ एप्रिलला ३५ वर्षांपेक्षा जास्त नसावे.
• उत्पन्न: मागील आर्थिक वर्षात कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळालेले उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे.
• गुण: पदव्युत्तर शिक्षणासाठी पदवीला आणि पीएचडीसाठी पदव्युत्तर पदवीला किमान ६० टक्के गुण किंवा तेवढी श्रेणी.
• प्रवेश: क्यूएस जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० विद्यापीठांपैकी एकाचे विनाअट प्रवेशपत्र.
• एका आईवडिलांच्या जास्तीत जास्त दोन अपत्यांना, आणि प्रत्येकाला एकदाच लाभ.

येथे ‘विनाअट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इंग्रजी भाषेच्या परीक्षेचा निकाल किंवा अंतिम वर्षाचे गुण येणे बाकी असेल, तर विद्यापीठ सशर्त प्रवेशपत्र देते आणि ते येथे चालत नाही. म्हणून भाषेची परीक्षा लवकर द्या. अंतिम निकाल हाती येताच तो विद्यापीठाला कळवून प्रवेशपत्रातील अट काढून घ्या.

कोणते विषय चालत नाहीत?

कला शाखेच्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी अडचण येथे होते. २०२२ पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांवरील अभ्यासक्रम किंवा संशोधन या शिष्यवृत्तीत बसत नाही. एखादा विषय या गटात मोडतो की नाही, याचा अंतिम निर्णय निवड समिती घेते.

उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील जातिव्यवस्थेवर पीएचडी करण्याचा प्रस्ताव नाकारला जाण्याची शक्यता आहे. तुलनात्मक राज्यशास्त्र, विकासाचे अर्थशास्त्र, भाषाविज्ञान किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रम केवळ कला शाखेचा आहे म्हणून बाद होत नाही. विद्यापीठाला अर्ज पाठवण्यापूर्वीच अभ्यासक्रमाचे नाव आणि संशोधनाचा विषय या नियमाशी ताडून पाहा. शिष्यवृत्ती मंजूर झाल्यावर अभ्यासक्रम किंवा विद्यापीठ बदलता येत नाही.

काय मिळते?

• विद्यापीठाचे प्रत्यक्ष शिक्षण शुल्क.
• वार्षिक निर्वाह भत्ता: ब्रिटनसाठी ९,९०० पौंड, इतर देशांसाठी १५,४०० अमेरिकी डॉलर.
• पुस्तके व इतर किरकोळ गरजांसाठी वार्षिक आकस्मिक भत्ता: ब्रिटनसाठी १,१०० पौंड, इतर देशांसाठी १,५०० डॉलर.
• व्हिसा शुल्क, वैद्यकीय विमा आणि जाण्यायेण्याचे साध्या वर्गाचे विमानभाडे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी जास्तीत जास्त ३ वर्षे आणि पीएचडीसाठी ४ वर्षे, किंवा अभ्यासक्रम त्याआधी पूर्ण झाल्यास तोपर्यंत मदत मिळते. परदेशातील रक्कम भारतीय दूतावासामार्फत दिली जाते.

अर्ज कसा करावा?

१. मंत्रालयाच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप पोर्टलवर नोंदणी करा. अर्ज फक्त ऑनलाइन होतो.
२. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र, गुणपत्रिका, प्रवेशपत्र, आधार व पासपोर्ट अपलोड करा. नोकरीत असाल तर मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडा.
३. सर्व कागदपत्रांवर नाव एकसारखे आहे का, ते तपासा.
४. निवडीत विद्यापीठाच्या क्यूएस क्रमांकाला प्राधान्य असते. त्यामुळे एकापेक्षा जास्त प्रवेशपत्रे असतील तर क्रमवारीत वर असलेले विद्यापीठ निवडणे फायद्याचे ठरते.
५. निवड झाल्यावर करारनामा व इतर कागदपत्रे पूर्ण करावी लागतात.

तात्पुरते पत्र म्हणजे अंतिम मंजुरी नव्हे. अंतिम पत्र हाती येईपर्यंत नोकरी सोडू नका आणि शिष्यवृत्तीच्या भरवशावर कर्जही काढू नका.

बी.ए. करतानाच परदेशी जायचे असेल तर?

काही भारतीय विद्यापीठांचे परदेशी विद्यापीठांशी विद्यार्थी देवाणघेवाणीचे करार असतात. अशा करारात बहुतेक वेळा शुल्क आपल्याच विद्यापीठात भरायचे असते. प्रवास, राहणे व जेवण यांचा खर्च विद्यार्थ्याकडे असतो. दुसरा मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांचा आहे. त्यातील ट्विनिंग अभ्यासक्रमात एकूण श्रेयांकांपैकी ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी विद्यापीठात मिळवता येतात आणि पदवी भारतीय विद्यापीठ देते.

जाण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाकडून दोन गोष्टी लेखी घ्या: तेथील श्रेयांक येथे धरले जातील का, आणि कोणता खर्च कोण करणार. श्रेयांक धरले गेले नाहीत तर परत आल्यावर ते सत्र पुन्हा करावे लागू शकते.

नेहमीचे प्रश्न

प्रश्न: मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता काय करू?
उत्तर: ६० टक्क्यांची अट सांभाळा, पासपोर्ट काढून घ्या आणि जातीचा दाखला तयार ठेवा. अर्ज पदवीनंतर करायचा आहे.

प्रश्न: महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना दुसरा पर्याय आहे का?
उत्तर: होय. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या अटी वेगळ्या आहेत. त्यांची माहिती पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडून मिळते.

प्रश्न: या अटी दरवर्षी त्याच राहतात का?
उत्तर: नाही, त्या बदलू शकतात. अर्ज भरण्यापूर्वी चालू वर्षाची मार्गदर्शक तत्त्वे पोर्टलवर वाचा.