तबकडीच्या वेष्टनावरील अक्षरे

मुद्रणकलेचा इतिहास बहुधा ग्रंथांच्या आधारे सांगितला जातो. आज आम्ही त्याचा एक धागा गाण्याच्या तबकडीच्या वेष्टनापर्यंत नेणार आहोत.

१९२८ मध्ये जर्मनीत यान चिखोल्डने ‘नवी अक्षररचना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पानाच्या मधोमध मजकूर मांडण्याची रूढी सोडावी, नक्षीला फाटा द्यावा आणि कोऱ्या जागेलाही रचनेचा भाग मानावे, असे त्याचे प्रतिपादन होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच त्याला अटक झाली. सुटकेनंतर त्याने स्वित्झर्लंड गाठले. १९७४ मध्ये तेथेच तो वारला.

त्याच दशकात मँचेस्टरच्या पॉलिटेक्निकमध्ये पीटर सॅव्हिल शिकत होता. सहाध्यायी माल्कम गॅरेटने हर्बर्ट स्पेन्सरचा, आधुनिक अक्षररचनेच्या प्रवर्तकांवरील ग्रंथ त्याला दाखविला, आणि चिखोल्ड त्याच्या मनात ठसला. १९७८ मध्ये ‘फॅक्टरी’ नावाच्या संगीतरात्रींसाठी त्याने भित्तिपत्रक केले. त्यावरचे चिन्ह त्याने, कानांचे रक्षण करा असे बजावणाऱ्या कर्मशाळेतील पाटीवरून उचलले होते!

१९७९ मध्ये ‘जॉय डिव्हिजन’ या वाद्यवृंदाने आपल्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याला एका पल्सार ताऱ्याच्या रेडिओलहरींचा आलेख दिला. मुळातल्या काळ्या रेषा त्याने काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या केल्या. दर्शनी बाजूवर ना वृंदाचे नाव, ना ध्वनिमुद्रिकेचे.

चिखोल्डने असे वेष्टन कधी केले नव्हते. सॅव्हिलने त्याच्यापासून घेतला तो कोऱ्या जागेवरचा विश्वास. गवयाला विराम जसा, तशी रचनाकाराला ही जागा. आमच्या मते, परंपरा चालते ती अशी. नक्कल करून नव्हे.