हातची जागा आणि मनातली जागा

एका महाविद्यालयात प्रवेश पक्का झाल्यावर मुलाने दुसरीकडे अर्ज करावा काय, हा प्रश्न दर उन्हाळ्यात घरोघर निघतो. "दिला शब्द पाळावा," असे वडीलधारे म्हणतात. माझे आयुष्य कामगारांचे करार वाचण्यात गेले; म्हणून माझी पहिली विचारणा अशी, की शब्द दोन्ही बाजूंनी दिला होता काय?

१९८३ साली राज्य सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. आपल्या वऱ्हाडातील शेगाव व बडनेरा येथील महाविद्यालये त्याच वर्षीची. पुढे खाजगी संस्था वाढल्या आणि रिकामी जागा म्हणजे बुडालेले उत्पन्न, असा हिशेब रूढ झाला. मग मुलाला बांधून ठेवण्याची साधनेही निघाली. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कपाटात, फी तिजोरीत! तूर-कापूस विकून फी भरणाऱ्या घराला दुसरीकडे जाण्याची नुसती मोकळीक असून काय उपयोग? कारखान्यात कोणी कामगाराची मूळ कागदपत्रे अडकविली, तर आम्ही फाटकावर सभा घेतो.

कायदा हळूहळू शहाणा झाला. २००३ साली 'इस्लामिक अकॅडमी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वर्षापलीकडची फी आगाऊ घेऊ नये. मुलगा मध्येच सोडून जाईल अशी भीती असल्यास फार तर बंधपत्र वा बँकेची हमी मागावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००७ साली, आणि पुन्हा २०१८ साली, मूळ कागदपत्रे ठेवून घेण्यास मनाई केली. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली, ह्यात काय ते समजावे.

तथापि मुलाकडेही देणे लागते. त्याने अडवलेली जागा प्रतीक्षायादीतल्या कोणा अनोळखी मुलाची असते. संस्था बलाढ्य असेल; तो मुलगा नव्हे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय फेऱ्यांत ह्यावर चांगली तोड आहे : वरच्या पसंतीची जागा मिळाली, की आधीची आपोआप सुटते. २०२५ पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर झाले, त्यात आपले धामणगावही आले. तेथे पहिल्या पसंतीची जागा नाकारणारा पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो. पसंतीक्रम त्यानेच लिहिलेला असल्याने मला हे न्याय्य वाटते.

संस्थांनी स्वतः भरावयाच्या जागांना मात्र अशी आपोआप सुटण्याची सोय नाही. तेथे मुलाने लेखी कळवावे लागते. आणि शेवटची तारीख उलटल्यावर कळविले, तर ती जागा कोणालाच मिळत नाही.