एका मुलाला एकच घर

कुटुंबाची माहिती भरून घ्यायचा फॉर्म आहे असं धरा. कुटुंबप्रमुखाचं नाव, गाव, घर क्रमांक हे रकाने आधीच आखून ठेवता येतात. अडचण येते ती ‘सदस्य’ या मथळ्याखाली. एका घरात दोघंच म्हातारा-म्हातारी, तर शेजारच्या घरात तीन पिढ्या एका चुलीवर. कागदी फॉर्मवर आठ ओळी छापलेल्या असायच्या आणि नववं नाव समासात तिरकं कोंबलं जायचं. फोनवर ती वेळ येत नाही. खाली ‘आणखी सदस्य जोडा’ असं बटण असतं. ते दाबलं की नाव, वय, नातं अशी कोरी ओळ उमटते आणि बटण तेवढंच खाली सरकतं.

अँड्रॉइडमध्ये ही ओळ ज्या आज्ञेने उमटते तिचं नाव ‘ॲडव्ह्यू’. पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू, मग ते बटण असो, अक्षरं असोत की चित्र, ‘व्ह्यू’ असते. इतर व्ह्यूंना पोटात घेतो तो ‘व्ह्यूग्रुप’. आत राहणारा ‘चाइल्ड’ आणि पोटात घेणारा ‘पॅरेंट’. हे शब्द मी रोज वापरते आणि बरीच वर्षं त्यांत नुसती उपमाच आहे असं समजत होते. जुन्या प्रणालींबद्दल वाचत गेले तसं लक्षात आलं, की इथे खरोखरच एक घराणं आहे, आणि त्यातल्या पूर्वजांचे स्वभाव आजच्या फोनमध्ये जसेच्या तसे भेटतात.

मूळपुरुष शोधायला १९६३ सालच्या एमआयटीत जावं लागतं. इव्हान सदरलंड या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम लिहिला. लिंकन प्रयोगशाळेतला टीएक्स-२ हा अवाढव्य संगणक, त्याचा पडदा आणि हातात प्रकाशलेखणी. एक आकृती ‘मास्टर’ म्हणून काढायची आणि मग तिचे हवे तितके ‘इन्स्टन्स’ पडद्यावर मांडायचे. करंजीचा साचा एक आणि करंज्या शंभर, तसं. पण इथे साच्याची नक्षी बदलली तर आधी केलेल्या सगळ्या करंज्यांवरही नवी नक्षी उमटायची. सदस्याची ओळ एकदाच आखायची आणि लागेल तितक्या वेळा उमटवायची, ही कल्पना तिथली.

‘व्ह्यू’ हा शब्द त्यानंतरच्या पिढीतला. ट्रिग्वे रेनस्काउग हे नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ. जहाजबांधणीच्या संगणकप्रणालींवर त्यांनी आधी बरंच काम केलं होतं. १९७८-७९ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात पाहुणे म्हणून राहिले. जहाज बांधायचं तर हजारो कामं एकमेकांत गुंतलेली असतात. तीच माहिती एकाला तक्त्यात बघायची असते, दुसऱ्याला आकृतीत. रेनस्काउगनी माहितीला ‘मॉडेल’ म्हटलं आणि तिच्याकडे बघण्याच्या प्रत्येक रीतीला ‘व्ह्यू’. मे १९७९ मधल्या टिपणात त्यांनी ‘थिंग-मॉडेल-व्ह्यू-एडिटर’ अशी चार नावं योजली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ अशी तीन झाली. शब्दाचा मूळ अर्थ इथे नीट बघून ठेवायला हवा. व्ह्यू म्हणजे दर्शन. ज्याचं दर्शन घ्यायचं ती गोष्ट दुसरीकडे असते. हा अर्थ विसरल्याची किंमत मी पुढे मोजली आहे.

पार्कमध्येच घडलेल्या ‘स्मॉलटॉक-८०’ मध्ये एका व्ह्यूच्या पोटात दुसरा घालता येऊ लागला. आज्ञा होती ‘ॲडसबव्ह्यू’. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने ही रीत उचलली, आणि तिथे ज्याँ-मारी ह्यूलो या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने ‘इंटरफेस बिल्डर’ आणला. त्यात बटणं, रकाने माउसने उचलून खिडकीत ठेवायचे आणि ती मांडणी ‘निब’ नावाच्या फाइलमध्ये साठवायची. प्रोग्राम सुरू झाला की त्या फाइलमधून जिवंत वस्तू उभ्या राहायच्या.

अँड्रॉइडने हेच एक्सएमएल फाइलींमधून केलं आणि जिवंत करण्याच्या कृतीला ‘इन्फ्लेट’ म्हटलं, म्हणजे फुगवणं. उन्हाळ्यात कुरडया घालून, वाळवून डब्यात भरतात आणि पाहुणा आला की तळतात. डब्यातली कुरडई खाण्याजोगी नसते, पण तिचं सगळं रूप तिच्यात असतं. तसा ‘लेआउट-इन्फ्लेटर’ फाइलमधला एकेक टॅग वाचतो, त्या नावाचा व्ह्यू घडवतो, त्याच्या पोटातल्या टॅगांकडे वळतो आणि शेवटापर्यंत जातो. फुललेलं ते झाड ‘ॲडव्ह्यू’च्या हाती येतं.

आता अँड्रॉइडशी अगदी सख्खं नातं असलेलं घर. ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी नावाची कंपनी काढली. तिची संगणकप्रणाली बीओएस. धंदा चालला नाही. २००१ मध्ये पाम कंपनीने बीची तांत्रिक मालमत्ता विकत घेतली आणि तिथली अनेक माणसंही पामकडे गेली. गुगलने २००५ मध्ये अँड्रॉइड ही छोटी कंपनी घेतल्यावर डायॲन हॅकबॉर्न, मथायस आगोपियन, जो ओनोराटो असे या कुळातले अभियंते तिथे येऊन मिळाले. बीओएसमध्ये पडद्यावरची वस्तू होती ‘बीव्ह्यू’ आणि ती जोडायची आज्ञा ‘ॲडचाइल्ड’.

नावातलं साम्य वरवरचं ठरू शकतं. मला खरी खूण वाटते ती स्वभावातली. आधीच कुणाच्या पोटात असलेला व्ह्यू दुसऱ्या व्ह्यूग्रुपला द्यायला गेलात तर अँड्रॉइड ॲप तिथल्या तिथे बंद पाडतं. सोबतचा निरोप मराठीत सांगायचा तर असा: या मुलाला आधीच पालक आहे, आधी त्या पालकाकडून ते काढून घ्या. हे काम शिकणाऱ्या प्रत्येकाला हा निरोप पहिल्या काही महिन्यांत भेटतोच. सगळीकडे असं होत नाही. जावा भाषेत पडदे उभारायच्या एडब्ल्यूटी या जुन्या साधनसंचात मूल गुपचूप जुन्या घरातून निघून नव्या घरात जातं. वेबपानांसाठी १९९८ मध्ये ठरलेल्या डॉम या प्रमाणातही तसंच आहे. बीओएस मात्र नकार द्यायचं. एका वेळी एकच पालक, आणि पालक बदलायचा तर आधी जुनं नातं तोडून या, हा त्याचा कायदा. दत्तक जाताना मूल एका कुळातून रीतसर बाहेर पडतं आणि मगच दुसऱ्यात दाखल होतं, तीच ही शिस्त. मला ती योग्य वाटते. एकच व्ह्यू कोडच्या दोन कोपऱ्यांतून हाताळला जात असेल तर गुपचूप हलवाहलव चूक झाकून ठेवते. नकार मिळाला की चूक त्याच क्षणी, त्याच ओळीवर सापडते.

एका बाबतीत मात्र अँड्रॉइडने बीची वाट सोडली. बीओएसमध्ये प्रत्येक खिडकीचा धागा, म्हणजे आज्ञा एकामागून एक पार पाडणारा थ्रेड, वेगळा चालायचा. अँड्रॉइडमध्ये ज्या थ्रेडने व्ह्यूंचं झाड उभं केलं त्यानेच त्याला हात लावायचा.

घरात घेतलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. जागेची मागणी मुलाने करायची, पण पालकाच्या भाषेत. तिला ‘लेआउट-पॅराम्स’ म्हणतात. ओळीने मांडणाऱ्या पालकाकडे वाटा मागता येतो, एकावर एक ठेवणाऱ्याकडे कोपरा. म्हणूनच एक्सएमएलमध्ये ‘लेआउट’ने सुरू होणारी गुणनामं मुलाच्या टॅगवर लिहिलेली असली तरी ती पालकाने वाचायची असतात. इन्फ्लेट करताना पालक कोण हे सांगितलंच नाही, तर सगळ्यांत बाहेरच्या टॅगची ही मागणी कुणाच्या भाषेत वाचायची तेच ठरत नाही आणि ती टाकून दिली जाते. नंतर ॲडव्ह्यू करताना पालक स्वतःची ठरलेली मापं देतो. आपण शंभर उंचीची ओळ आखलेली असते आणि पडद्यावर भलत्याच मापाची उमटते. अशा चुकीपायी मी अख्खी दुपार घालवलेली आहे. उपाय एका ओळीचा: इन्फ्लेटरला पालक दाखवायचा, पण ‘अजून जोडू नको’ असंही सांगायचं.

मागणी ऐकल्यावर पालक मापं घ्यायला बसतो. तो मुलाला सांगतो: अगदी इतकाच हो, किंवा इतक्याच्या आत राहा, किंवा तुला हवा तेवढा हो. हा निरोप आणि आकडा मिळून एकाच ३२ बिटांच्या संख्येत बसवले आहेत, निरोपाला २ बिट आणि मापाला ३०. वेगळी वस्तू घडवली तर स्मृती खर्च होते, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आलेल्या जी-१ या पहिल्या अँड्रॉइड फोनला रॅम होती अवघी १९२ एमबी. तेव्हाची ती काटकसर आजही टिकून आहे. मापं घेण्याचं महत्त्व मराठीत काम करताना फार जाणवतं. इंग्रजीत दोन अक्षरांत बसणारं ‘ओके’ मराठीत ‘ठीक आहे’ होतं. वर रफार-वेलांटी, खाली उकार. आकडे ठोकून बसवलेलं बटण ते पेलू शकत नाही. पिक्सेल मोजून जागा नेमणारा ‘ॲब्सोल्यूट-लेआउट’ अँड्रॉइडने २००९ मध्येच बाद ठरवला, त्याचं मला समाधान आहे.

मापं घेणं लगेच होत नाही, ही आणखी एक गोष्ट. ॲडव्ह्यू झाला की ‘मांडणी बदलली’ अशी वर्दी पालकाकडून त्याच्या पालकाकडे करत मुळापर्यंत जाते आणि पडद्याच्या पुढच्या फेरीची वाट बघते. सेकंदाला ६० फेऱ्या धरल्या तर एक फेरी सुमारे १६ मिलिसेकंदांची. तेवढ्यात नव्या ओळीला तिची रुंदी विचारली तर उत्तर येतं शून्य. ती घरात आलेली असते, पण अजून तिला जागा दाखवलेली नसते.

व्ह्यूचा मूळ अर्थ विसरल्याची मघाशी म्हटलेली किंमत ती ही. काही वर्षांपूर्वी एका सर्वेक्षणाच्या ॲपचं काम माझ्याकडे होतं. सदस्यांच्या ओळी मी ॲडव्ह्यूने जोडल्या होत्या आणि ‘जतन करा’ दाबलं की त्या ओळींतूनच नावं वाचून घेत होते. ऑफिसात सगळं चाललं. पहिल्याच दिवशी एका गावातून माहिती भरणाऱ्या ताईंचा फोन आला. ओसरीवर बसून त्यांनी सात जणांची नावं-वयं भरली, घरातल्या आजींना दाखवायला टॅब आडवा केला आणि सातही ओळी गेल्या. त्या घरातल्या बाईंना सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्यांची रोजगाराची वेळ होत आली होती.

टॅब फिरवला की अँड्रॉइड तो पडदा, म्हणजे ‘ॲक्टिव्हिटी’, सहसा मोडतं आणि नव्याने उभारतं, कारण आडव्या पडद्यासाठी मांडणी वेगळी असू शकते. हा नियम जी-१ च्या वेळेपासूनचा आहे. त्या फोनचा कीबोर्ड सरकवून बाहेर काढला की पडदा आडवा व्हायचा. नव्या उभारणीत फाइलमध्ये आखलेलं सगळं परत येतं. चालू ॲपमध्ये जोडलेल्या ओळी फाइलमध्ये नसतातच, त्यामुळे त्या परत येणार कुठून? मी सात माणसांची माहिती सात व्ह्यूंमध्ये ठेवली होती. रेनस्काउगच्या शब्दांत सांगायचं तर माझ्याकडे दर्शन होतं आणि मॉडेल नव्हतंच. त्या रात्री मी सदस्यांची यादी पडद्यापासून वेगळी काढली. पडदा मोडून उभा राहिला की यादी वाचायची आणि ओळी पुन्हा जोडायच्या.

हे काम प्रत्येकाने हाताने करत राहावं, ही गोष्ट अँड्रॉइडच्या लोकांनाही खुपत होती. लांबलचक यादीसाठी उपाय आधीच होता: ‘लिस्टव्ह्यू’ आणि २०१४ पासून ‘रिसायकलरव्ह्यू’, ज्यात वर सरकून दिसेनाशी झालेली ओळच नवा मजकूर लेवून खालून परत येते. २०१९ मध्ये गुगलने ‘जेटपॅक कंपोझ’ जाहीर केलं आणि जुलै २०२१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. त्यात ॲडव्ह्यू लिहावा लागत नाही, काढून टाकायची आज्ञाही नाही. यादी अशी असेल तर पडदा असा दिसेल, एवढं लिहायचं. बटण दाबलं की यादीत एक सदस्य वाढतो आणि ओळ तिच्यामागून आपोआप येते. १९७९ च्या टिपणातल्या ‘व्ह्यू’ला स्वतःचा अर्थ इतक्या स्पष्टपणे परत मिळालेला मी याआधी अँड्रॉइडवर पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी तोच फॉर्म मी कंपोझमध्ये पुन्हा लिहिला. संपल्यावर कोडमध्ये ॲडव्ह्यू शोधला तर एकदाही सापडला नाही. मग कुतूहलाने अँड्रॉइडचा स्वतःचा कोड उघडून खाली खाली गेले. कंपोझचं सगळं चित्र ‘कंपोझव्ह्यू’ नावाच्या एका वस्तूत राहतं. तीही व्ह्यूग्रुपच आहे, त्याच घराण्यातली. ॲक्टिव्हिटी उभी राहताना तिला खिडकीच्या मुळाशी नेऊन बसवतात, आणि ज्या ओळीत बसवतात तिथे तीच आज्ञा होती: ॲडव्ह्यू. एकदाच, सगळ्यांच्या आधी.